गुडघ्याची झीज एक्स-रेत दिसते, बुडालेली मजुरी कुठंच दिसत नाही

बीड : खुरपणीच्या रानात सकाळी दहा बायका दहा पाती धरतात. दुपारच्या भाकरीपर्यंत नऊ जणी बांधाला लागतात, एक मागं राहते. तिला खाली बसता येत नाही, बसली तर उठता येत नाही. शेजारणी तिची उरलेली पात काढून देतात. एक दिवस चालतं, चार दिवस चालतं. पुढच्या आठवड्यात मात्र कामाचा निरोप येतो तेव्हा तिच्या दारावरून पुढं जातो. "तिचे गुडघे गेलेत," एवढंच बोललं जातं.

जिल्ह्यातल्या जवळपास प्रत्येक गावात अशा बायका आहेत, बापेही आहेत. वय साठ-सत्तर असेलच असं नाही, पंचेचाळीस-पन्नाशीतले कितीतरी आहेत. घरात हा विषय "म्हातारपण लवकर आलं" म्हणून मिटवला जातो आणि दवाखान्यात गोळ्या घेऊन. पण दुखणं वाढत जातं तशी कमाई नेमकी किती आणि कधी घटते, याचा हिशोब कुणीच मांडत नाही. तो मांडला तर सरकारी योजनांचा पैसा आणि माणसाचं नुकसान यांची वेळ जुळत नाही, असं दिसतं.

आजार नेमका काय?

गुडघ्यात दोन हाडांच्या टोकांवर गुळगुळीत कूर्चा असते. गावाकडं तिला गुडघ्याची 'गादी' म्हणतात. ही गादी झिजते, हाडाला कडेनं टोकं फुटतात, सांध्याचं अस्तर सुजतं, मांडीचे स्नायू कमजोर पडतात. या सगळ्याला डॉक्टर 'ऑस्टिओआर्थ्रायटिस' म्हणतात. "ग्रीस संपलं" किंवा "गॅप कमी झाला" हे बोलायला सोपं असलं तरी आजार फक्त गादीचा नसतो, सगळ्या सांध्याचा असतो. म्हणूनच गादी परत उगवत नसली तरी स्नायू मजबूत करून दुखणं कमी करता येतं. हा मुद्दा पुढं महत्त्वाचा आहे.

जागतिक आरोग्य संघटनेच्या माहितीनुसार २०१९ साली जगात सुमारे ५२ कोटी ८० लाख लोकांना हा आजार होता. त्यात ६० टक्के बायका होत्या आणि सगळ्यात जास्त त्रास गुडघ्याचा होता.

आपल्याकडचा जुना पुरावा तर पुणे जिल्ह्यातला आहे. इंदापूर तालुक्यातल्या भिगवण गावात १९९६ साली डॉ. अरविंद चोप्रा यांच्या पथकानं घरोघर जाऊन पाहणी केली. चार हजारांहून जास्त प्रौढांची माहिती घेतली. त्यात सुमारे १८ टक्के लोकांना हाडं, सांधे, स्नायूंचं काही ना काही दुखणं होतं आणि जवळपास ६ टक्के लोकांना सांध्यांची झीज होती. या पाहणीत १५ वर्षांपुढचे सगळे धरले होते, तरुण पोरंसुद्धा. पुढं २०१६ साली देशातल्या पाच ठिकाणांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात गुडघ्याच्या झिजेचं प्रमाण २८.७ टक्के निघालं. दोन्ही आकड्यांत फरक दिसतो, कारण पाहणीची पद्धत आणि लोकांचं वय वेगळं होतं. पण गावात हा आजार मोजक्या लोकांचा आहे, असं दोन्हींपैकी कोणताच आकडा सांगत नाही.

उकिडवं बसण्याचा संबंध

"आमच्या आज्या जन्मभर उकिडव्या बसल्या, त्यांना काय झालं?" हा प्रश्न पारावर हमखास निघतो. चीनमध्ये बीजिंग शहरातल्या वयस्कर लोकांना संशोधकांनी विचारलं होतं, की पंचविशीत तुम्ही दिवसातून किती वेळ उकिडवे बसायचा? २००४ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात, तरुणपणी तासन् तास उकिडवं बसणाऱ्यांत गुडघ्याची झीज जास्त आढळली. अमेरिकेतल्या फ्रेमिंगहॅम गावच्या १९९१ सालच्या अभ्यासातही, सतत गुडघे वाकवून जड काम करणाऱ्या पुरुषांत पुढं झिजेचं प्रमाण वाढलेलं दिसलं.

म्हणजे बसणंच वाईट असं नाही. थोडा वेळ बसणं आणि रोज सहा-आठ तास त्याच अवस्थेत सरकत राहणं यात फरक आहे. खुरपणी, कांदा लागवड, भुईमूग काढणी ही कामं दुसऱ्या प्रकारची आहेत. वजन वाढलेलं असलं, गुडघ्याला जुना मार असला, घरात आई-वडिलांना हा त्रास असला, तर धोका आणखी वाढतो. बसून काम करणारा दुकानदारही यातून सुटत नाही. फरक इतकाच, की गुडघा दुखला म्हणून त्याचा गल्ला बंद होत नाही.

एक्स-रेचे टप्पे आणि कामाचे टप्पे

डॉक्टर एक्स-रे बघून झीज शून्य ते चार अशा टप्प्यांत सांगतात. ही पद्धत १९५७ पासूनची आहे. "तिसरी स्टेज आहे, चौथी स्टेज आहे" हे शब्द आता गावातही ओळखीचे झालेत. पण एक्स-रे आणि दुखणं नेहमी जुळत नाहीत. चौथ्या टप्प्यातला एखादा माणूस बाजार करून येतो आणि दुसऱ्या टप्प्यातली बाई जिना उतरताना रडते. दोन्ही खरं असतं. म्हणून आजार किती वाढला हे कामावरून बघितलं तर चित्र जास्त साफ होतं.

पहिल्या टप्प्यात काम पूर्ण होतं, दुखणं संध्याकाळी जाणवतं. उठताना गुडघ्यावर हात टेकावा लागतो. जिना चढण्यापेक्षा उतरताना जास्त दुखतं. सकाळी सांधा आखडतो, पण थोडं चाललं की मोकळा होतो. बाम चोळून माणूस दुसऱ्या दिवशी कामाला जातो. कमाईवर अजून फरक पडलेला नसतो.

दुसरा टप्पा इथं सगळ्यात महत्त्वाचा. माणूस कामावर हजर असतो, पण काम कमी होतं. पात मागं पडते. कापूस वेचताना ओझं कमी भरतं. धार काढायला बसलं की मध्येच उठावं लागतं. मग सकाळी कामाला जाण्याआधी एक गोळी, दुपारी एक गोळी सुरू होते. उक्त्या कामाच्या टोळीत घ्यायला लोक कां-कूं करू लागतात. हा टप्पा पाच-दहा वर्षंही चालतो.

तिसऱ्या टप्प्यात पाय बाकदार होतात, रात्रीसुद्धा दुखतं, घरापासून रस्त्यापर्यंत चालताना दोनदा थांबावं लागतं. मजुरी बंद झालेली असते. पाणी, सरपण, शेणकूर ही कामं सुनेवर किंवा नातीवर जातात. म्हणजे एका गुडघ्यापायी घरातल्या दुसऱ्या कुणाची मजुरी किंवा शाळा बुडते.

संडास हा सगळ्यात अवघड विषय. गावोगाव बांधलेल्या शौचालयांत बहुतेक ठिकाणी खाली बसायचं भांडं आहे. बसून उठता येत नाही म्हणून कितीतरी वयस्कर बायका पाणी कमी पितात, जेवण कमी करतात, आणि हे कुणाला सांगतही नाहीत.

हजर राहूनही नुकसान, पण कुणाचं?

आजाराचा कामावर होणारा परिणाम मोजायला जगभर एक प्रश्नावली वापरतात. १९९३ साली तयार झालेल्या या प्रश्नावलीत मागच्या सात दिवसांबद्दल विचारतात : आजारामुळं किती तास काम बुडालं? आणि कामावर असताना काम किती कमी झालं? दुसरा प्रश्न मोलाचा आहे. सांधेदुखीत माणूस सुट्टी कमी घेतो, पण कामावर असूनही त्याच्या हातून काम कमी होतं.

पगारी नोकरीत हे नुकसान बऱ्याच अंशी मालकाच्या वाट्याला जातं. महिन्याचा पगार ठरलेला असतो. वर आजारपणाची रजाही मिळते. आपल्याकडच्या रानात उलटं आहे. कापूस किलोवर वेचला जातो. सोयाबीन एकरावर काढलं जातं. ऊस टनावर तोडला जातो. रोजगार हमीच्या कामावरही खोदलेली माती मोजून मजुरी पडते. इथं काम हळू झालं की मालकाचं, मुकादमाचं काही जात नाही. जे जातं ते सगळं मजुराचं जातं.

ऊसतोडीचा हिशोब करून बघा. जानेवारी २०२४ मध्ये झालेल्या करारात तोडणीच्या दरात ३४ टक्के वाढ होऊन दर टनाला सुमारे ३६६ रुपये झाला. समजा, नवरा-बायकोचा एक कोयता दिवसाला दोन टन ऊस तोडतो. त्याचे ७३२ रुपये झाले. आता दोघांपैकी एकाचा गुडघा धरला आणि तोड दीड टनावर आली, तर दिवसाचे ५४९ रुपये होतात. म्हणजे रोजचा १८३ रुपयांचा फरक. हंगाम शंभर दिवसांचा धरला तर १८ हजार ३०० रुपये. यात एकही दिवस सुट्टी धरलेली नाही. खाडा झाला तर तो वेगळा कापला जातो.

हा हिशोब समजण्यापुरता मांडलेला आहे, प्रत्येक कोयत्याचा आकडा वेगळा निघेल. पण पुढची गोष्ट सगळ्यांची सारखीच आहे. उचल आधीच घेतलेली असते. तोड कमी झाली की उचल फिटत नाही, बाकी पुढच्या हंगामावर जाते. ती फेडायला दुखऱ्या गुडघ्यानं पुन्हा फडात उतरावं लागतं. डोक्यावर मोळी घेऊन फळीवरून ट्रकवर चढताना सगळा भार वाकलेल्या गुडघ्यावर येतो. म्हणजे आजारानं कर्ज वाढतं आणि कर्जानं आजार वाढतो. या चक्राची नोंद ना कारखान्याच्या वहीत होते, ना दवाखान्याच्या.

मोजणारे प्रश्न कुणासाठी?

गुडघ्याची तब्येत मोजायला डॉक्टर 'वोमॅक' नावाची प्रश्नावली वापरतात. ती कॅनडात तयार झाली. तिच्यात २४ प्रश्न आहेत. दुखण्याचे ५, आखडण्याचे २ आणि रोजच्या कामांचे १७. त्या १७ मध्ये मोजे घालताना त्रास होतो का, कारमध्ये बसता-उतरताना होतो का, असे प्रश्न येतात. खुरपणीला बसणाऱ्या बाईला हे विचारून काय कळणार? पुण्याच्या सेंटर फॉर ऱ्हुमॅटिक डिसीजेस या केंद्रानं म्हणूनच तिच्यात बदल करून उकिडवं बसणं, मांडी घालणं अशा आपल्या सवयी घेतल्या. हेच केंद्र भिगवणच्या पाहणीमागं होतं.

सरकारी तपासणीत मात्र हा प्रश्न फार उशिरा येतो. आशाताई तिशीपुढच्या लोकांचा जो फॉर्म भरतात, त्यातून बीपी, शुगर आणि तोंड, स्तन, गर्भाशयमुखाचा कर्करोग यांची छाननी होते. चांगलंच आहे ते. चालताना तोल जातो का, हालचालीला अडथळा आहे का, रोजच्या कामाला दुसऱ्याची मदत लागते का, हे प्रश्नही त्यात आहेत, पण ते साठीपुढच्यांसाठी. मजुरी तर पंचेचाळिशीपासून घटायला लागलेली असते.

दिव्यांग प्रमाणपत्राचंही तसंच. २०१६ च्या कायद्यानं बहुतेक सवलतींसाठी ४० टक्के दिव्यांगत्वाची अट आहे. चालण्याफिरण्याचं दिव्यांगत्व ठरवताना सांधा किती वाकतो, ताकद किती आहे, हे मुख्यतः बघतात. गुडघा अर्धामुर्धा वाकतो पण दिवसभर बसवत नाही, अशी बाई या अटीत सहसा बसत नाही. कामाला निकामी आणि कागदावर धडधाकट, अशी तिची अवस्था होते.

शेवटच्या टप्प्याला लाखो, मधल्या टप्प्याला गोळी

शस्त्रक्रियेच्या बाबतीत मागच्या काही वर्षांत खरंच बदल झाले. ऑगस्ट २०१७ मध्ये केंद्रानं कृत्रिम गुडघ्याच्या किमतीवर मर्यादा घातली. नेहमी वापरला जाणारा कोबाल्ट-क्रोमियमचा सांधा दीड लाखाच्या वर विकला जात होता, तो कर सोडून ५४ हजार ७२० रुपयांवर आला. आयुष्मान भारत योजनेच्या उपचारांच्या यादीत गुडघेबदल आहे. महात्मा फुले जनआरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंत संरक्षण मिळतं. ऑक्टोबर २०२४ पासून सत्तरीपुढच्या प्रत्येकाला, उत्पन्न कितीही असो, आयुष्मान वय वंदना कार्ड काढता येतं. कोणती शस्त्रक्रिया कोणत्या रुग्णालयात मोफत होते, हे रुग्णालयातल्या आरोग्यमित्राकडून किंवा १४५५५ या क्रमांकावरून आधी पक्कं विचारून घ्यावं. आगाऊ पैसे भरू नयेत.

पण शस्त्रक्रिया हा शेवटच्या टप्प्याचा उपाय आहे. ती झाल्यावर चालता येतं, झोप लागते. उकिडवं बसून खुरपण्याची आणि मोळी उचलण्याची कामं मात्र डॉक्टर सहसा टाळायलाच सांगतात. म्हणजे पाच लाखांचं कार्ड दुखणं थांबवू शकतं, गेलेली मजुरी परत आणू शकत नाही. मजुरी वाचवायची तर ती मधल्या टप्प्यातच वाचवावी लागेल. आणि नेमकं तिथं मिळतं काय? गोळी, सुई आणि सलाईन.

मधल्या टप्प्यातले उपाय महाग नाहीत. ब्रिटनच्या सरकारी आरोग्यसेवेसाठी २०२२ साली निघालेल्या मार्गदर्शक सूचनांत प्रत्येक रुग्णाला आधी स्नायूंचा व्यायाम आणि गरज असेल तर वजन कमी करणं सांगितलंय. गुडघ्यावर लावायचं दाहशामक मलम त्यानंतर. ग्लुकोसामाइनच्या गोळ्या आणि गुडघ्यात 'वंगण' भरायची इंजेक्शनं देऊ नका, असंही त्यात स्पष्ट आहे. आपल्याकडं याच दोन गोष्टींवर लोकांचे हजारो रुपये जातात.

वजनाचा हिशोबही लक्षात ठेवण्यासारखा आहे. २००५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन अभ्यासानुसार अंगाचं वजन एक किलो कमी झालं, की प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा भार सुमारे चार किलोनं कमी होतो. पाच किलो उतरवले तर वीस किलोंचं ओझं गेलं.

अडचण ही आहे, की व्यायाम शिकवणारा फिजिओथेरपिस्ट गावाजवळ नसतो. ज्येष्ठांच्या राष्ट्रीय आरोग्य कार्यक्रमात जिल्हा रुग्णालयात फिजिओथेरपी आणि प्राथमिक आरोग्य केंद्रात आठवड्याला ज्येष्ठांची ओपीडी अशी तरतूद आहे. पण आष्टी-पाटोद्याच्या वाडीवरून बीडला जायचं म्हणजे एक दिवसाची मजुरी आणि गाडीभाडं. आठवड्यातून दोनदा कोण जाणार? गोळी मात्र गावातल्या दुकानात मिळते, म्हणून गोळीच चालते. दुखणं थांबवणाऱ्या गोळ्या महिनोन् महिने स्वतःच्या मनानं घेतल्या तर पोटात अल्सर होतो, बीपी वाढतं, किडनीवर परिणाम होतो. बाजारात बिनलेबलची पुडी मिळते, तिनं दोन दिवसांत एकदम आराम पडला तर खुश होऊ नये. अशा पुड्यांत स्टेरॉइड मिसळल्याचे प्रकार उघड झालेले आहेत.

आज घरी काय करता येईल?

- खाटेवर किंवा खुर्चीवर बसा. एक पाय समोर सरळ ताठ करा, दहा अंक मोजेपर्यंत धरा, खाली घ्या. प्रत्येक पायानं दहा-पंधरा वेळा, सकाळ-संध्याकाळ. सुरुवातीला थोडं दुखेल, पण दुखणं रोज वाढत गेलं तर थांबून डॉक्टरांना विचारा.
- पूर्ण विश्रांती घेऊ नका. बसून राहिल्यानं स्नायू आणखी गळतात. सपाट रस्त्यावर रोज थोडं चाला.
- काठी दुखऱ्या गुडघ्याच्या उलट्या हातात धरा. बहुतेक लोक चुकीच्या हातात धरतात.
- जिथं जमेल तिथं खुरप्याऐवजी सायकल कोळपं किंवा लांब दांड्याचं अवजार वापरा. धार काढायला उंच स्टूल घ्या, चुलीऐवजी ओटा असेल तर उभ्यानं स्वयंपाक करा.
- शौचालयात भांड्यावर ठेवायची कमोड खुर्ची बसवा, भिंतीला धरायला पाइप लावा.
- गुडघा लाल, गरम होऊन ताप आला, एकदम खूप सुजला, किंवा सकाळचा आखडलेपणा अर्ध्या तासाहून जास्त राहून हाताची बोटंही सुजत असतील, तर हा आजार वेगळा असू शकतो. लगेच डॉक्टरांना दाखवा.

गावानं काय करावं?

सगळं ओझं घरावर टाकून चालणार नाही. आठवड्यातून एक दिवस फिजिओथेरपिस्ट प्राथमिक आरोग्य केंद्रात येईल, अशी मागणी ग्रामसभेच्या ठरावातून जाऊ शकते. आशाताईंच्या फॉर्ममधले चालण्या-बसण्याचे प्रश्न साठीची वाट न बघता चाळिशीपासून विचारले जाऊ शकतात, त्याला वेगळं मशीन लागत नाही. ऊसतोडीला निघण्याआधी, दसऱ्याच्या सुमारास, गावोगाव मजुरांच्या गुडघ्या-कमरेची तपासणी होऊ शकते. कारण एकदा टोळी फडावर गेली, की पुढचे चार-पाच महिने तिला दवाखाना भेटत नाही. बचत गटाच्या बैठकीत दहा मिनिटं व्यायाम घेतला तर त्याला कुणाची मंजुरी लागत नाही. सायकल कोळपी गटानं मिळून घेतली तर एकीवर खर्च पडत नाही.

आणि मुकादमापासून शेतमालकापर्यंत प्रत्येकानं एक गोष्ट बघायला हरकत नाही. जिची पात मागं पडते तिला बांधावर चवाळ्या तोडायला, कापूस निवडायला, बी भरायला, उभ्यानं किंवा पाटावर बसून होणारी कामं देता येतात. तिचा हात अजून शाबूत आहे. गुडघ्यापायी तिला कामावरूनच काढलं, तर तिचं घर उद्या दुसऱ्या कुणाच्या तरी शाळेवर नाहीतर मजुरीवर चालणार आहे.